लिव्हर रायफलीत काडतूस अडते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांची .२२ बोअरची मार्लिन ३९ए ही लिव्हरची रायफल रीतसर परवान्यासह माझ्याकडे आली. आमचे कुळागर (पोफळी-नारळाची बागायत) गोव्यात सत्तरी तालुक्यात आहे. रायफल मात्र मी क्लबच्या रेंजवर सरावापुरतीच वापरतो. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्यात काडतूस वारंवार अडू लागले आहे. कधी काडतुसाचे नाक चेंबरच्या (बार होताना काडतूस जिथे बसते त्या, बॅरलच्या मागच्या भागाच्या) तोंडाशी टेकून राहते, तर कधी रिकामी पुंगळी (काडतुसाचे धातूचे आवरण) आतच राहते. सफाई मी नियमित करतो आणि घरचे शुद्ध खोबरेल तेल घालतो. एका परिचिताने कॅरिअरवर थोडी कानस मारण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का? — एक वाचक, सत्तरी

उत्तर : कानस मुळीच लावू नये. कॅरिअर म्हणजे बॅरलखालच्या काडतुसांच्या नळीतून आलेले काडतूस चेंबरच्या उंचीपर्यंत उचलून धरणारा भाग. त्याची उंची आणि उतार कारखान्यात फार बारकाईने ठरवलेले असतात. तेथील धातू एकदा निघून गेला की तो परत आणता येत नाही, आणि या रायफलीचे जुने सुटे भाग आपल्याकडे सहजी मिळत नाहीत. शिवाय आपल्या पत्रावरून दोष कॅरिअरचा असावा असे वाटतही नाही. आपण ज्याला एकच तक्रार समजता आहात त्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा वेगळी आहेत.

लिव्हर खाली ओढली की बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागे जातो, एक्स्ट्रॅक्टरची नखी पुंगळीची कड धरून तिला चेंबरमधून बाहेर ओढते आणि बोल्ट अगदी मागे पोहोचत असताना पुंगळी इजेक्टरवर आपटून बाजूला उडते. दरम्यान नळीतले पुढचे काडतूस कॅरिअरवर येते, कॅरिअर ते वर उचलतो आणि लिव्हर परत मिटताना बोल्ट त्याला चेंबरमध्ये ढकलतो. काढणे, फेकणे, उचलणे आणि भरणे अशी ही चार कामे आहेत. रायफल अडली की हात तिथेच थांबवावा, बॅरल सुरक्षित दिशेला ठेवून बोट चापापासून दूर घ्यावे आणि यांपैकी कोणते काम अर्धवट राहिले आहे ते उजव्या बाजूच्या उघड्या तोंडातून डोकावून पाहावे. पुंगळी आत राहिली असेल तर दोष काढण्यात किंवा फेकण्यात आहे; नव्या काडतुसाचे नाक टेकले असेल तर तो उचलण्यात किंवा भरण्यात आहे. आठवडाभर सरावाच्या वहीत अशा नोंदी ठेवल्या, तर दुरुस्तकाकडे जाण्याआधीच अर्धे निदान हाती येते.

स्क्रू उघडण्यापूर्वी स्वतःचा हात तपासावा, कारण लिव्हरच्या रायफलीतील अडण्याचे सर्वांत सामान्य कारण लिव्हर अर्धवट ओढणे हेच आहे. इजेक्टरची गाठ बोल्ट जवळजवळ पूर्ण मागे गेल्यावरच पडते. त्यामुळे लिव्हर शेवटच्या बोटभर अंतरात सैल सोडली, तर पुंगळी उडत नाही आणि मागचे काडतूसही नीट उचलले जात नाही. जपून, हळुवार लिव्हर ओढणाऱ्या सावध माणसाकडून हे अधिक घडते. लिव्हर थांब्याला लागेपर्यंत एका दमात खाली न्यावी आणि तितक्याच निश्चयाने वर आणावी. मध्येच दिशा बदलू नये. रायफल खांद्याला लावलेली असताना कोपर बरगडीशी दाबून ठेवण्याची सवय असेल तर लिव्हर पूर्ण उघडत नाही, हेही पाहून घ्यावे.

आता खोबरेल तेलाविषयी. आपला दोष पावसाळ्यानंतर वाढला, याचे एक मोठे कारण मला त्यातच दिसते. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते. गोव्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान त्याखाली सहज उतरते, आणि सत्तरीसारख्या डोंगराळ भागात तर अधिकच. मे महिन्यात लोण्यासारखी चालणारी लिव्हर जानेवारीच्या सकाळी जड लागते ती यामुळे. शिवाय हे तेल कालांतराने खवट होऊन चिकट थर धरते. त्यात .२२ काडतुसाच्या शिशाच्या गोळीवर असलेले मेण आणि जळलेल्या दारूची काजळी मिसळली की कॅरिअरच्या बाजूंना आणि एक्स्ट्रॅक्टरच्या नखीखाली काळा, डिंकासारखा लगदा बसतो. नखीखाली लगदा असेल तर ती पुंगळीची कड पुरती पकडत नाही, आणि पुंगळी आत राहण्याचा दोष तेथेच उगम पावतो.

उपाय साधा आहे. मार्लिन ३९एच्या उजव्या बाजूला नाण्याने फिरवता येईल असा मोठा स्क्रू असतो. रायफल रिकामी आहे, चेंबरमध्ये आणि नळीतही काडतूस नाही, हे डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून मगच तो सोडावा. रायफलीचे दोन भाग होतात आणि बोल्ट हाती येतो. जुना लगदा रॉकेलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसावा. नखीखालचा मळ काढायला पिन किंवा सुई वापरू नये. माडाच्या झावळीचा हीर तिरपा कापून वापरला तर तो सांदीत शिरतो आणि पोलादावर ओरखडाही उठत नाही. सर्व भाग कोरडे झाल्यावर शिलाई यंत्राला घालतात तसले पातळ तेल थेंबभर घेऊन कापडाने पसरावे. काडतुसांच्या नळीत मात्र तेल घालू नये, कारण ते काडतुसांवर उतरते आणि धूळ धरते. नळी कोरड्या कापडाने पुसणे पुरेसे आहे.

नाक टेकण्याच्या तक्रारीत चेंबरकडे विशेष लक्ष द्यावे. या रायफलीत .२२ शॉर्ट आणि .२२ लाँग रायफल ही दोन्ही काडतुसे चालतात. शॉर्टची पुंगळी सुमारे १०.७ मिलिमीटर लांब असते, तर लाँग रायफलची सुमारे १५.६ मिलिमीटर. वडिलांनी शॉर्ट काडतुसे पुष्कळ वापरली असतील तर चेंबरमध्ये त्या आखूड पुंगळीच्या टोकापाशी काजळीचे कडे बसलेले असू शकते, आणि मग लांब काडतूस शेवटच्या काही मिलिमीटरांत घट्ट होते. चेंबरच्या ब्रशला रॉकेल लावून, मागच्या बाजूने गोल फिरवून हे कडे काढता येते. त्याला वेळ लागतो. घाईने लोखंडी सळई घालू नये.

दुसरी शक्यता अधिक गंभीर आहे. .२२ काडतुसात ठिणगीचा मसाला तळाच्या कडेत असतो, म्हणून फायरिंग पिन मधोमध न आपटता कडेवर आपटते. चेंबर रिकामे असताना चाप ओढण्याची सवय कोणाला असेल, तर काही जुन्या रायफलींत ती पिन चेंबरच्या काठावर आपटत राहते. कालांतराने तिथे नखाच्या टोकाएवढी खाच पडते आणि त्या खाचेतून दाबला गेलेला धातू चेंबरच्या आत किंचित उंचवटा करून उभा राहतो. विजेरीचा उजेड तिरपा टाकून चेंबरचे तोंड पाहिल्यास ती खाच चमकते, आणि तिथे टेकलेल्या गोळीवर एकाच जागी लांबट ओरखडा उठतो. हा उंचवटा खास आकाराच्या पोलादी साच्याने पुन्हा बाहेर दाबता येतो, पण ते काम परवानाधारक दुरुस्तकाचेच आहे. तो कोरून काढला तर चेंबर मोठे होते आणि पुंगळी फुटण्याचा धोका निर्माण होतो.

ओरखडा नेमका कुठे उठतो हे पाहण्यासाठी डमी (दारू आणि मसाला नसलेल्या नकली) काडतुसाच्या नाकावर मार्करची शाई लावून ते लिव्हरने भरावे आणि पुन्हा बाहेर काढावे. शाई वरच्या बाजूने घासली गेली असेल तर कॅरिअर काडतूस जास्त उचलतो आहे, किंवा चेंबरच्या वरची काडतुसाला दिशा देणारी पातळ पट्टी वाकली आहे. खालच्या बाजूने घासली गेली असेल तर उचल कमी पडते आहे. ही तपासणी केवळ डमी काडतुसांवरच करावी. जिवंत काडतूस घरात भरून-काढून पाहणे हा अपघाताला दिलेला उघड होकार आहे, आणि जिवंत काडतुसातील दारू काढून घरी डमी बनवण्याच्या फंदातही पडू नये.

रेंजवर जिवंत काडतूस खरोखरच अडले तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. .२२ काडतुसाच्या कडेवर स्क्रू-ड्रायव्हरने जोर दिला तर ते तिथल्या तिथे फुटू शकते, कारण मसाला त्याच कडेत आहे. चाप ओढूनही बार झाला नसेल तर रायफल लक्ष्याच्या दिशेने धरून निदान अर्धा मिनिट थांबावे. नंतर लिव्हर हलकेच उघडावी, रायफल आडवी करून काडतूस आपोआप पडते का पाहावे, आणि नाही पडले तर रेंजच्या अधिकाऱ्याला बोलवावे.

इजेक्टरची स्प्रिंग, कॅरिअरची स्प्रिंग किंवा नखी बदलायची वेळ आली, तर शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, याचे भान ठेवावे. गावातला लेथवाला कितीही कुशल असला तरी त्याच्याकडे रायफल देणे त्याला आणि आपल्याला दोघांनाही अडचणीत आणणारे आहे. परवानाधारक दुरुस्तकाकडे नेताना मूळ परवाना सोबत ठेवावा आणि कामाची पावती मागून घ्यावी.

प्रश्न : आमच्याकडे विंचेस्टर १८९२, .४४-४० बोअरची रायफल आजोबांच्या काळापासून आहे. परवाना आता माझ्या नावावर झाला आहे. जुनी थोडी काडतुसे शिल्लक आहेत. पहिले काडतूस नीट जाते, पण दुसऱ्या वेळी लिव्हर अर्ध्यावर घट्ट बसते. ना पुढे जाते, ना मागे येते. जोर लावावा का? — एक वाचक, सांगे

उत्तर : जोर लावू नये. लिव्हर असे दोन्हीकडून घट्ट बसणे म्हणजे बहुतेक वेळा एकाच्या जागी दोन काडतुसे पुढे सरकली आहेत, आणि दुसऱ्याचा तळ कॅरिअरच्या वाटेत आला आहे.

जॉन ब्राउनिंगने आखलेल्या या रायफलीत बोल्टच्या दोन्ही बाजूंना काडतुसाला वाट दाखवणाऱ्या दोन पट्ट्या असतात. डाव्या पट्टीपाशी एक लहानसा अडथळा असतो, जो एक काडतूस कॅरिअरवर गेले की पुढच्याला थोपवून धरतो. त्याची स्प्रिंग थकली, त्याच्यावर मळ साचला किंवा ती पट्टी धरणारा स्क्रू सैल झाला, तर दुसरे काडतूस थोपत नाही. पट्टीचा स्क्रू बाहेरून दिसतो. तो सैल नाही ना, एवढे मात्र आपण पाहू शकता.

पण आपल्या पत्रातला 'जुनी काडतुसे' हा उल्लेख मला अधिक महत्त्वाचा वाटतो. .४४-४० काडतुसाची एकूण लांबी जास्तीत जास्त १.५९२ इंच, म्हणजे सुमारे ४०.४ मिलिमीटर असते, आणि त्या लांबीच्या आसपासच ही यंत्रणा वेळेवर चालते. नळीच्या मॅगझीनमध्ये काडतुसांवर एकीकडून स्प्रिंगचा दाब असतो आणि दर बाराला बसणाऱ्या धक्क्याने ती एकमेकांवर आदळतात. या काडतुसाच्या पुंगळीचे तोंड पातळ असते. तिथली पकड सैल असेल तर गोळी हळूहळू पुंगळीत आत दाबली जाते, काडतूस आखूड होते आणि त्यामागचे काडतूस अडथळ्याच्या पुढे डोकावते. काडतुसे एकेक करून व्हर्निअर कॅलिपरने मोजावीत. ज्यांची लांबी इतरांहून स्पष्टपणे कमी भरते ती वेगळी काढावीत, आणि ती पुन्हा वापरू नयेत, कारण गोळी आत दाबली गेल्याने आतील जागा कमी होऊन दाब वाढतो. हिरवट गंज चढलेली किंवा तोंडाशी भेग पडलेली काडतुसेही तशीच बाजूला ठेवावीत. अशी बाद काडतुसे कचऱ्यात टाकू नयेत किंवा नदीत सोडू नयेत. ती परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करण्याविषयी विचारणा करावी.

याच तत्त्वावर, १८७३ सालच्या विंचेस्टरमध्ये हा दोष अधिक कडक स्वरूपात दिसतो. त्या रायफलीतला कॅरिअर सरळ वर-खाली चालणारा चौकोनी ठोकळा असतो. काडतूस आखूड निघाले तर मागच्याचा तुकडा ठोकळ्याच्या आणि नळीच्या सीमेवर सापडतो आणि सारे यंत्र जागच्या जागी थिजते. १८९२ची रचना त्या मानाने क्षमाशील आहे, पण तिचीही मर्यादा आहेच.

अडलेले काडतूस सोडवायचे असेल तर बॅरल सुरक्षित दिशेला धरून, उजव्या बाजूचे भरण्याचे झाकण आत दाबावे आणि मागचे काडतूस लाकडी काडीने पुन्हा नळीत ढकलून पाहावे. या काडतुसाची टोपी (ठिणगीचा मसाला असलेली) तळाच्या मधोमध असते, म्हणून काडी तळाच्या कडेवर टेकवावी, मध्यभागी कदापि नाही. एका हलक्या प्रयत्नात ते मागे सरले आणि लिव्हर मोकळी झाली तर ठीक. नाही सरले तर पुढे जाऊ नये. नळीच्या पुढच्या टोकाचा स्क्रू काढून स्प्रिंगचा दाब सोडवण्याची पद्धत दुरुस्तक वापरतात, पण त्यात हात बॅरलच्या तोंडाशी येतो. चेंबरच्या आसपास जिवंत काडतूस असताना घरी तो प्रकार करणे योग्य नाही. काडतूस आत अडलेली रायफल तशीच गाडीत घालून निघू नये. आधी परवानाधारक दुरुस्तकाशी बोलून त्याच्या सांगण्याप्रमाणेच ती हलवावी.

प्रश्न : निवडणुकीच्या काळात जमा केलेली रायफल परत मिळाली तेव्हा लिव्हर जड झाली होती आणि नळीत काडतुसे नीट सरकत नव्हती. घर समुद्राजवळ आहे. जमा करण्यापूर्वी आणि परत घेतल्यावर काय काळजी घ्यावी? — एक वाचक, काणकोण

उत्तर : जमा करण्याआधी रायफल पूर्ण रिकामी करून साफ करावी. बाहेरच्या सर्व पोलादावर आणि बॅरलच्या आतून पातळ तेलाचा हात फिरवावा, आणि पावतीवर क्रमांकाबरोबर रायफलीची स्थितीही नमूद करून घ्यावी. चामड्याच्या किंवा स्पंज लावलेल्या बंद खोळीत ती ठेवू नये, कारण खोळ दमटपणा धरून ठेवते आणि खाऱ्या हवेच्या गावी तेवढ्याने पोलादावर लाल ठिपके उठतात. घरी कपाटात ठेवतानाही हाच नियम पाळावा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या पावसाळ्यात वरचेवर सुकवाव्या लागतात.

परत मिळाल्यावर पहिले काम बॅरलमधून आरपार पाहण्याचे. दीर्घकाळ पडून राहिलेल्या बॅरलमध्ये कुंभारीण माशी मातीचे घर करते, आणि तो मातीचा बोळा आत असताना बार केला तर बॅरल फुटते. उजेड आरपार दिसल्यानंतरच इतर तपासणी करावी.

नळीत काडतुसे न सरकण्याचे कारण गंज, थकलेली स्प्रिंग किंवा नळीला आलेला पोचा असू शकतो. आमच्या हवामानात आणखी एक कारण घडते, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही : पावसाळ्यात पुढच्या हातकाठीचे लाकूड फुगते आणि आतून जाणाऱ्या नळीला आवळते. नळीतली स्प्रिंग काढून डमी काडतूस आत सोडावे. रायफल कलती केल्यावर ते स्वतःच्या वजनाने घरंगळत यायला हवे. हातकाठी आवळून धरणाऱ्या पुढच्या पट्टीचा स्क्रू किंचित सैल केल्यावर ते मोकळे झाले तर दोष लाकडाचा समजावा, आणि लाकूड कोरड्या दिवसांत दुरुस्तकाकडून आतून हलके खरवडून घ्यावे. पोचा असेल तर काडतूस नेहमी एकाच जागी अडते, त्यामुळे तो ओळखायला सोपा.

भरण्याच्या झाकणाचा लहान स्क्रूही पाहावा. तो सैल झाला की झाकण आत झुकते आणि काडतुसाची कड त्याच्या जिभेला अडते. हे काम दोन मिनिटांचे आहे, पण स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारे पातेच वापरावे.

प्रश्न : लिव्हरच्या .३०-३० रायफलीत टोकदार गोळीची काडतुसे चालतील का? ती लांबवर अधिक अचूक जातात असे ऐकले आहे. — एक वाचक, फोंडा

उत्तर : नळीच्या मॅगझीनमध्ये ती वापरू नयेत. नळीत प्रत्येक काडतुसाचे नाक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकलेले असते, आणि धक्का बसल्यावर टणक टोक त्या टोपीवर फायरिंग पिनसारखे काम करू शकते. म्हणूनच या रायफलींसाठी चपट्या किंवा गोल नाकाच्या गोळ्या असतात. अलीकडे मऊ, लवचिक टोक असलेली खास काडतुसेही निघाली आहेत. .२२मध्ये हा प्रश्न येत नाही, कारण तिथे मसाला कडेत असतो. ब्राउनिंगचीच विंचेस्टर १८९५ मात्र लिव्हरची असूनही नळीऐवजी बोल्टखाली उभी पेटी वापरते, त्यामुळे तीत टोकदार गोळ्या चालतात. आपल्या रायफलीच्या बॅरलखाली नळी असेल तर विक्रेत्याकडून चपट्या नाकाचीच काडतुसे मागून घ्यावीत, आणि घेतानाच खोक्यावरचा बोअर बॅरलवरच्या अक्षरांशी ताडून पाहावा.